मिस ओपलचे मिद्यानी

आमच्या सायप्रस बेंड गावात पशुखाद्याचं दुकान एकच, आणि ते डेलबर्ट प्रूइटचं. कोंबडीचा दाणा, घोड्याचा खुराक, गाईंनी चाटायचे मिठाचे ठोकळे, कुंपणाची तार, सगळं तिथे मिळतं. मध्यंतरी तिथे उपदेशही मिळू लागला होता. तो फुकट होता आणि नको म्हटलं तरी पोत्याबरोबर गाडीत चढवला जायचा.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाची गाय अडली की अर्धं जेवण टाकून जाणारा. चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा न सांगता शिडी लावून वर चढला तो हाच. पण चांगल्या माणसालाही एखादं खूळ लागतं, आणि टेक्सासमध्ये खूळ लावणाऱ्यांची कमतरता नाही. डॅलसच्या एका हॉटेलात 'बायबलमधून नेतृत्व' नावाचं दोन दिवसांचं शिबिर झालं. जाताना आमचा डेलबर्ट गेला. येताना काखेत जाडजूड फाइल घेतलेला भलताच कुणीतरी परत आला.

चर्चमध्ये रविवारी सकाळी पुरुषांचा बायबलचा वर्ग असतो, तो डेलबर्ट घ्यायचा. पूर्वी तिथे गोष्ट ही गोष्ट असायची. योनाला माशानं गिळलं की आम्ही हळहळायचो, कॉफी प्यायचो आणि वर उपासनेला जायचो. डॅलसनंतर योना हा 'बदलाला विरोध करणारा कर्मचारी' झाला आणि मासा म्हणजे सक्तीचं प्रशिक्षण. योसेफाला भावांनी ज्यात ढकललं तो खड्डा कारकिर्दीतला तात्पुरता टप्पा ठरला. लोटाची बायको मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते, त्यातून 'गेल्या वर्षीच्या विक्रीकडे बघू नये' असा धडा निघाला. दुकानात मिठाचे ठोकळे विकायलाच होते, त्यामुळे तो विशेष रंगला.

आम्ही सहन केलं. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक पुरुष 'ब्रदर' असतो, आणि भावाला कोण काय बोलणार? पण मग गिदोनाची पाळी आली.

गिदोनाची गोष्ट बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकात आहे. मिद्यानी हे शत्रू टोळांसारखे देशावर पसरलेले, आणि गिदोनाकडे बत्तीस हजारांची फौज. देव म्हणतो, माणसं फार झाली, जे भितात त्यांना घरी पाठव. बावीस हजार उठून चालू लागतात. देव म्हणतो, अजूनही फार आहेत, त्यांना पाण्यावर ने. जे गुडघे टेकून प्याले ते घरी. जे ओंजळीनं पाणी तोंडाशी नेऊन प्याले, ते तीनशे राहिले. मग त्या तीनशेंनी रणशिंगं, रिकामे घडे आणि घड्यांत लपवलेल्या मशाली घेऊन लढाई जिंकली. डॅलसच्या फाइलीत या गोष्टीची सात सूत्रं होती. गोष्टीत देव आहे, ही बाब मात्र फाइलीत कुठे आढळली नाही.

आता डेलबर्टच्या घरचं सांगतो. त्याची आई, मिस ओपल, नव्वदीला टेकलेली. आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानानं 'मिस' म्हणतात. उन्हाळा लागताच पडली, कंबर मोडली आणि डेलबर्टच्या मागच्या खोलीत खाटेला खिळली. सगळं करायची सून, एर्लीन. उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं. आमच्याकडे अशा वेळी कुणी बैठक घेत नाही. घरात कुणी आजारी पडलं की काचेची भांडी आपोआप चालू लागतात. कुणी कोंबडी-भात भाजून आणतं, कुणी राजमा, कुणी मक्याचा पाव, कुणी पीचचं गोड. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर बाईनं आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं घरी परत येतं. जेवण घेऊन आलेली बाई दुपारी मिस ओपलजवळ बसायची आणि एर्लीन तेवढी दोन तास झोपायची. त्या दोन तासांवर ते घर उभं होतं.

एका मंगळवारी दोन घरांतून एकदमच कोंबडी-भात आला. एर्लीननं एक भांडं फ्रीजमध्ये ठेवलं आणि देवाचे आभार मानले. डेलबर्टला त्यात ढिसाळ नियोजन दिसलं.

पुढच्या रविवारी तो वर्गात उभा राहिला. "ब्रदर लोक, माझ्या आईच्या सेवेत गर्दी झाली आहे. गर्दीनं काम होत नाही, निष्ठेनं होतं. ज्यांना शंभर टक्के झोकून देता येणार नाही, त्यांनी प्रामाणिकपणे हात वर करावा."

लोक प्रामाणिक, तिथेच फसले. एकाचं गवत कापायचं होतं, एकाच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं, एकाच्या मूत्रपिंडावर उपचार चालू. हात भराभर वर गेले. डेलबर्टनं सगळ्यांना हसतमुखानं मोकळं केलं. माझा हात खाली राहिला, कारण मी झोपलो होतो.

दुसरी चाळणी दफनभूमीत झाली. वर्षातून एकदा आम्ही सगळे तिथलं गवत कापतो, दगड धुतो. ऑगस्टचं ऊन, आणि दर वर्षी गार चहाचे डबे आणायचं काम डेलबर्टकडे. त्यानं मुद्दाम आणले नाहीत. तिथे पाण्याचा एकच नळ, तोही जमिनीपासून वीतभर उंच. हा आपल्या आजोबांच्या थडग्याआड देवदाराच्या सावलीत बसून कोण कसं पाणी पितो ते बघत होता. तहानलेला माणूस एवढ्या खालच्या नळाला कसा पिणार? गुडघे टेकून, तोंड लावून. जवळजवळ सगळे तसेच प्याले आणि सगळे बाद झाले.

उरलो आम्ही तिघे. लॉनी हातानं प्याला, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि तो घोड्याचा सौदा करत होता. गार्लंड हातानं प्याला, कारण त्याची पँट नवी होती. आणि मी, क्लीव्ह, हातानं प्यालो, कारण माझी कवळी नवी होती आणि ती नळाखाली चिखलात पडेल अशी मला भीती. देवानं निवडलेले वीर ते हे.

डेलबर्टनं नावं वाचली तेव्हा हार्लन टॅकेट टोपी हातात घेऊन पुढे आला. लाकडाच्या गिरणीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. त्याच्या ओंजळीत पाणी थांबत नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. बोटं गेली तेव्हा त्याला डाव्या हातानं लिहायला शिकवलं मिस ओपलनं.

"ब्रदर डेलबर्ट," तो म्हणाला, "मी मिस ओपलला नुसतं भेटायलाही यायचं नाही का?"

"ये-जा वाढली की लक्ष विचलित होतं, ब्रदर हार्लन. तुझी गरज दुसरीकडे असेल."

"दुसरीकडे कुठे?"

"ते तुझं तुला शोधायचंय. ते सहावं सूत्र आहे."

हार्लननं टोपी घातली आणि गेला. त्याची बायको विल्मा जीन तिथेच उभी होती. ती डेलबर्टकडे बघत होती, आणि तिला ओळखणाऱ्या माणसांना त्या नजरेची भीती वाटली.

घरी एर्लीनला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तीन माणसं? आणि त्यांतला एक क्लीव्ह?" मी तिथेच होतो, पण तिनं काही आवाज कमी केला नाही. मागच्या खोलीतून मिस ओपलनं हाक मारली. तिला ऐकू कमी यायचं, पण ऐकायचं असलं की सगळं यायचं.

"डेलबर्ट, शास्ते, अध्याय सात, वचन दोन. 'माझ्याच हातानं मी तरलो' अशी बढाई लोकांनी मारू नये, म्हणून देवानं माणसं कमी केली. बढाई मारता यावी म्हणून नाही."

"आई, तो संदर्भ वेगळा आहे."

"संदर्भ तोच आहे. मुलगाच वेगळा निघाला."

पहिल्या आठवड्यात आमच्या फौजेनं पराक्रम सुरू केला. मी विधुर माणूस. टिनच्या डब्यातला तयार राजमा गरम केला आणि डब्यासकट घेऊन गेलो. लॉनीनं पेट्रोल पंपावरचा पिझ्झा आणला. गार्लंडच्या बायकोनं सॉसेज उकडले आणि पाण्यासकट आणले. दुपारी मिस ओपलजवळ बसायला कुणी नाही. लॉनी एकदा बसला आणि तिच्या उशाशी फोनवर घोडा विकत राहिला. आठवडा संपता संपता मी गेलो तर एर्लीन ओव्हनपाशी उभ्याउभ्या झोपली होती, आणि तिच्या हाताला भाजल्याचा लाल पट्टा उठला होता.

"लागलंय तुला," मी म्हणालो.

"असं का?" ती म्हणाली. "मला कळलंही नाही, ब्रदर क्लीव्ह."

मी तिथून तडक विल्मा जीनकडे गेलो आणि तिला सांगितलं. एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेलबर्टची गाडी दुकानाकडे वळते न वळते, तोच माझ्या कोठारामागे चार गाड्या लागल्या. माझं घर डेलबर्टच्या शेजारी, मध्ये फक्त कुरण. टॉवेलनं झाकलेली भांडी घेऊन बायका त्या कुरणातून रांगेनं मागच्या दाराकडे निघाल्या, आणि पाठोपाठ बाद झालेले नवरे. कुणी सरपण फोडलं, कुणी खाटेचा पाय दुरुस्त केला. हार्लन मिस ओपलजवळ बसला आणि डाव्या हातानं लिहिलेली बायबलची वचनं तिला वाचून दाखवू लागला.

"कोण आलंय?" मिस ओपलनं विचारलं.

"ज्यांना डेलबर्टनं हाकललं ते," एर्लीन म्हणाली.

म्हातारी इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. "माझे मिद्यानी!" ती म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी मुलगा बाहेर पडला की ती विचारायची, "आले का गं माझे मिद्यानी?"

डेलबर्टला सांगायचं नाही, असं एर्लीननं सगळ्यांकडून वदवून घेतलं. "त्याला कळलं तर तो याचंही आठवं सूत्र करेल," ती म्हणाली. आमच्याकडे भांडं घरी नेऊन, आभार मानून परत द्यायचं असतं, आणि ते तिला करता येईना, कारण गावात एखाद्याच्या दारात गाडी थांबली की दुकानात बातमी आधी पोचते. मग ती भांडी धुऊन कपडे धुण्याच्या खोलीत मशीनमागे रचून ठेवू लागली. त्या खोलीत डेलबर्ट लग्न झाल्यापासून गेला नव्हता. लपवायला याहून सुरक्षित जागा टेक्सासभर शोधून सापडली नसती.

आणि डेलबर्ट? तो खुशीत होता. घर झकास चाललेलं. आई स्वच्छ, बायकोच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची कळा, टेबलावर गरम जेवण. विल्मा जीनचं पीचचं गोड तिसऱ्यांदा वाढून घेत तो मला म्हणाला, "गार्लंडच्या बायकोचा हात काय सुधारलाय! बघितलंस, क्लीव्ह? गर्दी हटली की गुण बाहेर येतात."

मी कवळी घट्ट दाबून बसलो.

पण आनंद एकट्यानं पचवेल तर तो डेलबर्ट कसला? ही विद्या बाहेर न्यावी की नाही, याबद्दल त्यानं देवाकडे खूण मागितली. गिदोनानं अंगणात लोकर पसरली होती आणि ती रात्रीत दवानं भिजली तेव्हा त्याला खूण पटली होती; यानं गाडीच्या सीटवरचं मेंढीचं कातडं पसरलं. सकाळी ते ओलंचिंब. अंगणातले फवारे पहाटे आपोआप सुरू होतात, ते त्यानंच बसवलेत. तरी ही खूणच ठरली.

मग तो गावोगाव भाषणं देऊ लागला. 'तिघांत भागतं' असं नाव. आसपासच्या तीन जिल्ह्यांत हाहाकार उडाला. एका चर्चनं गायकांमधले चौघं ठेवले. त्यांतला एक मुका निघाला, तो नुसताच तोंड हलवायचा. एका दुग्धालयाच्या मालकानं गवळ्यांना नळावर नेऊन पाणी पाजलं आणि निम्मे घरी पाठवले. त्याच्या गाई दोन दिवस हंबरत उभ्या होत्या. डेलबर्टला मात्र टाळ्या पडत होत्या, कारण त्याच्याकडे पुरावा होता. "माझी स्वतःची आई!" तो सांगायचा. "तीन घरं. फक्त तीन. कधीही येऊन बघा." नशीब, कुणी आलं नाही.

एप्रिलमध्ये मिस ओपल खालावली. डॉक्टर म्हणाला, आता दिवस थोडे. एर्लीननं डेलबर्टला सांगितलं, आज जाऊ नकोस. तो म्हणाला, एवढंच भाषण करतो आणि येतो, शंभर माणसं जमलीत. हे लिहिताना आजही मला त्याचा राग येतो. ज्याला तीन माणसं पुरतात, त्याला ऐकायला शंभर कशाला लागतात?

दुपारी मिस ओपलनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मिद्यान्यांना दार उघड गं." दार उघडंच होतं. हार्लननं तिचा हात आपल्या तीन बोटांच्या हातात धरला होता आणि खोलीत उभं राहायला जागा नव्हती. तशीच ती गेली. डेलबर्टची गाडी रस्त्यावर दिसली तेव्हा सगळे कुरणातून निघून गेले. हार्लन शेवटी गेला. तो मागे वळून बघत होता, आणि मीठबीठ काही झाला नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं. डेलबर्ट बोलायला उभा राहिला. आईबद्दल बोलेल असं वाटलं होतं. दोन वाक्यं बोललाही, आणि मग सवय आड आली. "माझ्या आईनं जाताजाता आपल्याला एक धडा दिला. तीन निष्ठावान घरांनी..." समोरच्या बाकांवर बाद झालेले सगळे बसले होते. हार्लन टोपीच्या कडेला बोट फिरवत राहिला. लॉनीनंसुद्धा फोन खिशात ठेवून मान खाली घातली. पहिल्या बाकावर एर्लीन ताठ बसून होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिथे काय होतं ते मला दिसलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता याचं काही खरं नाही.

तीन दिवसांनी तिनं मला बोलावलं. डेलबर्ट स्वयंपाकघरात उभा होता. तिनं कपडे धुण्याच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "ही भांडी परत करायची आहेत."

जमिनीपासून खिडकीपर्यंत काचेची भांडी. डेलबर्ट बघतच राहिला. "कुणाची?"

"बुडाला नाव असतं."

त्यानं एक उलटं केलं. मग दुसरं. ज्याचं गवत कापायचं होतं, त्याच्या बायकोचं नाव. मूत्रपिंडवाल्याच्या बायकोचं. बाळंतपणवालीच्या आईचं, ते तीनदा. गार्लंडच्या बायकोचं एकही नव्हतं. तो एकेक भांडं उलटं करून जमिनीवर मांडत गेला आणि थोड्या वेळानं उभं राहायचं सोडून त्यांच्यामध्येच बसला.

"आईजवळ शेवटी कोण होतं?" त्यानं विचारलं.

"हार्लन."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू सांगत होतास, डेलबर्ट. तीन जिल्ह्यांत सांगत होतास." मग ती मला म्हणाली, "ब्रदर क्लीव्ह, गाडी तू चालव. याच्या हाती दिली तर दारावरून नुसता जाऊन येईल."

सबंध दुपार आम्ही फिरलो. मी गाडीत बसायचो, तो भांडं घेऊन दारापर्यंत जायचा. पहिल्या दारात त्यानं भाषणाला करतात तसा घसा खाकरला. दार उघडलं, आणि त्याच्या तोंडून "तुमचं भांडं" एवढंच निघालं. प्रत्येक घरी गार चहा पुढे आला. आमच्याकडे तो येतोच. त्यानं तो एकाही घरी घेतला नाही. मी प्रत्येक ठिकाणी प्यालो.

हार्लनचं घर त्यानं शेवटी ठेवलं. ऊन अजून चटके देत होतं. हार्लन अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. डेलबर्ट पीचच्या गोडाचं भांडं घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. ओठ कोरडे पडलेले.

"पाणी," तो कसाबसा म्हणाला.

"नळ तिथे आहे," हार्लन म्हणाला.

नळ घराच्या पायाशी, पार खाली. डेलबर्टनं भांडं गवतावर ठेवलं. उभा राहून नळाकडे बघितलं, आपल्या दोन्ही धडधाकट हातांकडे बघितलं. मग गुडघे टेकले, तोंड लावलं आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. उठला तेव्हा चेहरा सगळा ओला होता, आणि त्यात नळाचं पाणी किती होतं ते मी सांगू शकत नाही.

"ब्रदर डेलबर्ट," हार्लन म्हणाला, "तू बाद झालास."

"हो," डेलबर्ट म्हणाला. "मला घरी पाठव."

"घरी कशाला? विल्मा जीननं ताटं मांडलीत. आत ये. क्लीव्ह, तूही ये, गाडीत बसून काय करतोयस?"

आम्ही जेवायला बसलो. कोंबडी होती, मक्याचा पाव होता. डेलबर्टनं दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि जुन्या सवयीनं मान वर केली. "मला वाटतं, यातून आपल्याला एक..."

विल्मा जीननं त्याच्याकडे बघितलं. हार्लन तीन बोटांच्या हातानं पावाचं ताट पुढे करत होता. डेलबर्टची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

"पाव दे," तो म्हणाला.